दिवाणी दाव्यांचा प्रदीर्घ अनुभव

२ ऑगस्ट १९७१
सरकारी वकिलांच्या हाताखाली सहायकाची जागा निघालीय. अर्जासोबत व्यावसायिक पार्श्वभूमी हवी. लिहिलं : 'दिवाणी दाव्यांचा प्रदीर्घ अनुभव.' दयानं विचारलं, "जिंकलेले किती?" बायको शाळेत गणित शिकवते, तिला आकड्यांचं वेड. रंगुबाईचा विहिरीचा दावा अकराला आहे. तो जिंकून मगच अर्ज टाकणार.

५ ऑगस्ट
रंगुबाई सुप्याहून आली. विधवा. दीर सहादेव सामाईक विहिरीचं पाणी देत नाही, हा आपला दावा. "खरं सांगू का सायेब," म्हणाली. मी थांबवलं. म्हटलं, कायद्याचं माझ्यावर सोडा.
आरशासमोर उलटतपासणीची तालीम. संकल्प : दहाच प्रश्न. आवाज चढवायचा नाही.

८ ऑगस्ट
तालीम नाही. घसा जपतोय.

११ ऑगस्ट, संध्याकाळ
प्रश्न एक्केचाळीस झाले. साक्षीदारच तसा. शेवटी आवाज चढवला, "विहीर काय तुझ्या बापाची आहे?"
सहादेव म्हणाला, "व्हय. माज्या बापाची, हिच्या सासऱ्याची. निम्मी हिचीच हाय."
त्याच्या बाजूच्या डावखर वकिलांनी कपाळाला हात लावला. इथं मी खाली बसायला हवं होतं, असं दया म्हणते. तिला कोर्टातलं काय कळतंय! मी विचारलं, "मग पाणी का देत नाहीस?"
"देतो की. रोज सकाळी इंजन चालू करून देतो. तिलाच इचारा."
मागून रंगुबाई ओरडली, "पानी देत्यात, पन बोलत न्हाईत! मालक गेल्यापून तीन वर्सं झाली, 'वैनी' म्हनून हाक न्हाई!"
सहादेवला रडू फुटलं. "तुमाला बघितलं की दादा आठवतो, वैनी. काय बोलू?"
जज्जसाहेबांनी चष्मा पुसला आणि तडजोड लिहून घेतली.

१३ ऑगस्ट
अर्ज टाकला. वाढवलेली ओळ : 'उलटतपासणीत साक्षीदारास अश्रू अनावर.' दया हसत सुटली. आनंदच झाला असणार.

९ सप्टेंबर
अर्जाचं उत्तर नाही. मोठ्या निवडीला वेळ लागतोच.
दुपारी रंगुबाई आणि सहादेव जोडीनं ऑफिसात. शेजाऱ्यानं बांध कोरलाय, दोघांना मिळून दावा लावायचाय. मी कोरा कागद पुढं ओढला, टोपण काढलं.
सहादेव म्हणाला, "सायेब, डावखर वकिलांचं दार बंद हाय. ते येस्तवर हितं बसलं तर चालंल का?"
दोन तास बसले. चहा मी पाजला. रंगुबाई दिराच्या कानाशी म्हणाली, "मानूस लई चांगला हाय. नुस्ता दावा द्यायचा न्हाई."
मी फाईल वाचत होतो. फाईलमध्ये काही नव्हतं.