कोच कोण हवा?

मंगळवार, लोअर हट, न्यूझीलंड

अमेरिकेत एकत्र शिकलेले आम्ही तिघं. तिथल्या आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमला नवा हेड कोच कोण हवा, यावर आज दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर भांडलो. मला तो अनुभवी म्हातारा हवा, निखिलला तरुण. जसं काही आम्हालाच विचारणार आहेत! समीर मात्र गप्प, नुसतं वाचतोय. तिकडची त्याची नोकरी गेलीय, व्हिसा संपत आलाय. पण इथे बसून मी करणार तरी काय? म्हणून परत कोच.

घरी येताना ट्रेनमध्ये कळलं, तिसऱ्याच कुणाला तरी घेतलं. आम्ही दोघं जाम चिडलो. तेव्हा समीरने पहिल्यांदा लिहिलं, "चला, एकाला तरी नोकरी लागली."

स्टेशन येईपर्यंत मी टाइप करत होतो, पुसत होतो. शेवटी अंगठा पाठवला. अंगठा!