बर्फाखालची टिकटिक

१६ जानेवारी १९७१

वाजली! सहावी पेटी वाजली! बर्फाखाली गाडलेला माणूस हिच्या आवाजावरून शोधता येईल.

एक पेटी बटाट्यांच्या पोत्यात घालून अंगणातल्या बर्फात पुरली. दुसरीची भोंगुळी कानात. टिक-टिक-टिक — जवळ जावं तसा आवाज मोठा होतो. अमेरिकेत म्हणे असं काही आधीच आहे. असेना! ही माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर, जुन्या रेडिओच्या तारांतून झाली.

२४ जानेवारी

बचाव पथकासमोर परीक्षा. हिमकडा कोसळला की हेच लोक धावतात — वीस जण ओळीत, लांब सळ्या बर्फात खुपसत, पावला-पावलानं. आज ते एकीकडे, मी एकटी दुसरीकडे. पुरलेलं पोतं मला चार मिनिटांत मिळालं. ते निम्म्यावरही नव्हते.

पथकप्रमुख बाल्त्सरकाका म्हणाले, "छान. आता सूप कर त्या बटाट्यांचं." सगळे खो-खो हसले. "ए रेडिओवाले, माणूस शोधून दाखव."

बरं. दाखवते!

३१ जानेवारी

पेटी गळ्यात अडकवून स्वतःलाच पुरून घेतलं. अंगावर दोन हात बर्फ. वरचं सगळं ऐकू येतं, आपलं कुणालाच नाही — हे कुणी सांगितलं नव्हतं. घाबरले. खरंच घाबरले.

शोधायला मेंगिया. शाळेतली बाई, पेटी आजच हातात घेतलेली. सहा मिनिटांत तिचं फावडं माझ्या बुटाला लागलं. "अगं, आहेस ना?" "आहे! हळू खण, बाई!"

पथकानं आठ पेट्या घेतल्या. काका सळ्या गोळा करून निघून गेले.

७ फेब्रुवारी

आम्हा स्विस बायकांना मतदानाचा हक्क मिळाला! काका: "आता बर्फही तुम्हीच उपसा."

३ मार्च



दुपारी वरच्या रानात हिमकडा सुटला. लाकूडतोड्या दुरी खाली गाडला गेला. पथकाच्या आठांतली एक पेटी त्याच्या गळ्यात होती! मी धावले. काका आडवे आले — "पथकात बायका नाहीत!"

"मग सोडा वाट. मी पथकात नाहीच!"

कानात काहीच नाही. मग अगदी बारीक — टिक. डावीकडे. मोठं. आणखी मोठं. "इथं खणा!"

ओठ निळे पडले होते. पण खोकला! कडा सुटल्यापासून वीस मिनिटं. सळ्यांची ओळ तिथवर यायला अंधार पडला असता.

दुरीची आई माझ्या गळ्यात पडून रडली. मीही.

१९ मार्च

काका माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले. बसले नाहीत, उभ्यानंच सांगू लागले. वीस वर्षांपूर्वी त्यांची मुलगी लीना हिमकड्याखाली गाडली गेली. शोध थांबवण्याचा हुकूम त्यांनीच दिला होता. बर्फ वितळल्यावर कळलं — शेवटची सळी तिच्यापासून हातभर लांब पडली होती.

"तुझी पेटी बघितली की एकच मनात यायचं, पोरी. तेव्हा का नव्हती?"

टोपी डोक्यावर घातली. दारातून वळून म्हणाले, "शंभर कर. खोऱ्यातल्या प्रत्येक गावात मी घेऊन जातो."