वाघोलीच्या खळ्यापाशी वळलेले विमान

पुणे,
दि. ७ ऑक्टोबर १९७४

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
विमान अपघात चौकशी कक्ष, पुणे

विषय : दिवंगत वैमानिक मकबूल इब्राहिम तांबोळी यांच्यावरील ठपका काढून टाकणे व अर्जदाराचा जबाब पुन्हा नोंदवून घेणेबाबत.

संदर्भ : आपला दि. १४ ऑगस्ट १९७४ चा अहवाल.

महोदय,

१. अर्जदार दिगंबर अनंत गोवंडे, वय ४१, हा भीमथडी फ्लाइंग क्लबमध्ये चौदा वर्षे विमान चालविण्यास शिकवतो. मकबूल तांबोळी हेही तेथेच आणि तेवढीच वर्षे शिकवीत होते. दि. २१ फेब्रुवारी रोजी ते दोन आसनी विमान घेऊन एकटे निघाले. वाघोलीजवळ इंजिन बंद पडले व विमान एका विहिरीच्या कठड्यावर आदळले. ते जागीच गेले.

२. अहवालात म्हटले आहे की, समोर सपाट रान असताना वैमानिकाने जमिनीलगत डावीकडे वळण घेतले, हे नियमाविरुद्ध होते, सबब चूक वैमानिकाची. इंजिन बंद पडल्यास सरळ उतरावे, वळू नये, हा नियम मकबूल यांनी आणि अर्जदाराने शेकडो विद्यार्थ्यांकडून घोकून घेतलेला आहे. असा माणूस वळला का, हे अर्जदारास समजेना.

३. म्हणून अर्जदार सुटीच्या दिवशी सायकलने वाघोलीस जाऊ लागला. पाचव्या खेपेस गेनबा सोनबा भाडळे हे शेतकरी भेटले. आपली चौकशी झाली तेव्हा ते लेकीच्या गावी होते. त्यांचे शब्द जसेच्या तसे देत आहे : “म्होरच्या रानात आमचं खळं व्हतं सायेब. धा-बारा बाया ज्वारी मळत हुत्या. इमान बिनआवाजाचं आलं, कुणाला कळलंच न्हाई. अगदी अंगावर आल्यावर त्यानं ते हिरीकडं वळवलं.” त्यांच्या पत्नी बायडाबाई त्या खळ्यावरच होत्या. त्या म्हणाल्या, “आमी जित्या हाय, ते कुणी इचाराय आलं न्हाई.”

४. येथे अर्ज संपविता आला असता. तसा एक अर्ज अर्जदाराने लिहिला व फाडला.
त्या दिवशी सकाळी तेच विमान आधी अर्जदाराने उडविले होते. इंजिन मध्येच अडखळत होते. ते बिघाडाच्या नोंदवहीत लिहावयास हवे होते. लिहिले की तपासणी होईपर्यंत विमान जमिनीवर राहते. विद्यार्थी खोळंबले होते. अर्जदाराने लिहिले नाही. मकबूल यांना एवढेच सांगितले, “जरा अडखळतंय, पण चालेल.” ते म्हणाले, “तू म्हणतोस ना, मग चालेल.” पुढे आपण अर्जदारास विमानाच्या स्थितीविषयी विचारले, तेव्हा अर्जदाराने “ठीक होते” असे उत्तर दिले. ते खोटे होते.

५. अर्जदार अविवाहित असून नारायण पेठेत एका खोलीत राहतो. दर रविवारी त्याचे जेवण भवानी पेठेत मकबूल यांच्या घरी असे. आता तो त्या रस्त्याने जात नाही. क्लबमधील मंडळी भली आहेत, “तुमचा काय दोष?” असे म्हणून धीर देतात. तेवढे ऐकले की अर्जदारास त्यांच्यात बसवत नाही. डबा तो हँगरच्या मागे जाऊन खातो. हे सांगण्याचा आपल्या कामाशी संबंध नाही, याची अर्जदारास जाणीव आहे. परंतु सांगावयास दुसरे कोणी नाही.

६. तरी भाडळे पती-पत्नींचे जबाब वाघोलीस जाऊन घ्यावेत, ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द काढावेत आणि अर्जदारावर नियमानुसार कारवाई व्हावी. परवाना सोबत जोडला आहे. तो परत मिळावा अशी विनंती नाही.

७. दुरुस्त अहवाल मकबूल यांच्या पत्नी श्रीमती नसीमबानू यांस मराठीत पाठवावा. पहिला इंग्रजीत आला होता. तो त्यांनी अर्जदारास बोलावून वाचून घेतला. अर्जदाराने शेवटच्या ओळीपर्यंत सगळा मराठीत सांगितला. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, “भाऊ, तुम्हाला तरी पटतं का हे?” अर्जदार म्हणाला, “अहवालात तसं आहे, वहिनी,” आणि समोरचा चहा तसाच ठेवून उठला. या खेपेस अहवाल त्यांना स्वतःला वाचता यावा.

आपल्या बोलावण्याची वाट पाहणारा,
(सही)
दिगंबर अनंत गोवंडे

सोबत :
वैमानिक परवाना (मूळ प्रत).
गेनबा व बायडाबाई भाडळे यांचे निवेदन, दोघांच्या अंगठ्यांच्या ठशांसह.