शालू तुझ्याकडे, मोट माझ्याकडे

कळस, ता. इंदापूर
रविवार

प्रिय अनू,

कालपासून तुझे फोन येताहेत आणि मी उचलत नाही. फोनवर तू आधी रडतेस, मग मी भांडायचं विसरते, आणि या वेळी मला विसरायचं नाही. म्हणून कागद घेऊन बसले आहे. हे एकटीनंच वाच. कोऱ्हाळ्याच्या तुमच्या घरात आलेलं पत्र चारचौघांत वाचतात, ते या वेळी नको.

काल संग्रहालयात सगळ्या वस्तू परत जमा झाल्या. तू आली नाहीस, विजयसिंहरावांच्या हाती शालू पाठवलास. नवऱ्याला पुढं करायची युक्ती चांगली आहे.

करोना आला तेव्हाची धांदल मी तुला सांगितली होती. इमारत विलगीकरणासाठी घेतली आणि संग्रहालय सांभाळणाऱ्या प्राचीला ती दोन दिवसांत रिकामी करून द्यायची होती. तलवारी, समया, जुनी लुगडी, एवढा पसारा न्यायचा कुठं? तिनं विश्वासातली घरं गाठली आणि घरटी एकेक वस्तू सांभाळायला द्यायचं ठरवलं. आमच्या बचत गटाच्या बायका तोंडाला फडकी बांधून बांधाबांध करत होत्या. रस्त्यावर भाजीच्या गाड्यांनाच मोकळीक, म्हणून बिरदेवच्या टेम्पोत खाली समया-तलवारी आणि वर भेंडीचे क्रेट. शालू मी माझ्या हातानं मलमलीत गुंडाळला. त्याच्या जांभळ्या काठावरचे मोर मला डोळे मिटूनही दिसायचे. तो माझ्याच घरी येणार, हे मी मनाशी धरून बसले होते. तुझं नावसुद्धा मीच सुचवलं होतं, पण समईसाठी. आणि प्राचीनं काय करावं, तर शालू कोऱ्हाळ्याला तुझ्याकडे आणि माझ्याकडे विहिरीवरची ती चामड्याची मोट.

आमच्याकडं लोकांनी त्या वाटपाला जत्रेतल्या मानासारखंच धरलं. सोनबातात्यांच्या घरी तलवार गेली, तर ते पाटा-वरवंटा मिळालेल्या शेजाऱ्याशी बोलेनात. आमच्या सासूबाई, प्रयागबाई, मोट दारात उतरताना म्हणाल्या, “धाकटीच्या घरी शालू अन् आपल्या घरी मोट? आपला मान एवढाच हाय व्हय?” प्राचीनं नंतर कारण सांगितलं. तुमची माडीवरची खोली अंधारी, कोरडी, आणि लोखंडी कपाट आहे. आमच्या घरात उंदीर, ते रेशीम ठेवणार नाहीत. शिवाय चामड्याला बुरशी धरते, ते नेमानं पुसायला माणूस हवं, आणि नेमाची म्हणजे मी. कारण मला पटलं. पोटदुखी मात्र थांबली नाही. उंदरांची गोष्ट तिनं सगळ्यांसमोर सांगितली, हे तर मी अजून विसरले नाही.

तुझ्या वाट्याला असंच येत गेलं, अनू. आईची बोरमाळ तुला, आईचं दुखणं काढायला मी. तुझा ऊस उभ्या उभ्या कारखान्याला जातो, मी पहाटे उठून भेंडी तोडते. मी तुझा हेवा करते, हे तुला माहीत नाही असं मी समजत नाही. तुला ते आवडतं.

मग दुसऱ्या लाटेत प्रगतीचं लग्न ठरलं. पंचवीसच माणसांची परवानगी. मी मुलीची सख्खी मावशी, तुझी एकुलती एक बहीण, त्या पंचविसात बसले नाही. तू म्हणालीस, “अक्का, तिकडली माणसं रुसतील, तू समजून घेशील.” म्हणजे ज्यांना समजत नाही त्या नणंदा मांडवात आणि मी मोट पुसत घरी. आपल्याला भाऊ नाही. प्रगतीच्या बारशात तूच सगळ्यांना ऐकवलं होतंस, हिच्या लग्नात मामाच्या जागी अक्का उभी राहील. त्या दिवशी फोनवर फोटो आला, तर अंतरपाटाशी पोरीच्या मागं तुझ्या नणंदेचा दीर उभा. मला तोंड धुवायला मोरीत जावं लागलं.

आणि पोरीच्या अंगावर तेच जांभळ्या काठावरचे मोर. दुकानं बंद, बस्ता बांधणार कुठून, आणि कपाटात असला शालू, तुला तरी मोह किती आवरणार. तुझं बिंग फोडायला माझा प्राचीला एक फोन पुरला असता. केला नाही. तो चांगुलपणा नव्हता, अनू. कधीतरी तुझ्यावर उगारायला मी ते जपून ठेवलं होतं.

काल ती वेळ आली. प्राचीनं पांढरे हातमोजे घालून शालू उलगडला, तर पदरावर हळदीचा तळहाताएवढा डाग. विश्वस्त म्हणाले, ज्यानं वापरला त्याचं नाव द्या, नाहीतर पोलिसात तक्रार देऊ. विजयसिंहराव शालूच्या रिकाम्या पिशवीची घडी घालू लागले. प्रगतीच्या सासरी हा तुझ्या घरचा पिढीजात शालू म्हणून सांगितलाय, हेही मला ठाऊक होतं. तुझं नाव घ्यायलाच मी तोंड उघडलं, खोटं सांगत नाही.

आणि तोंडातून निघालं, की शालू मी नेसले होते. मी म्हणाले, भाचीचं लग्न होतं, तिला पहिली हळद मी लावली आणि हात पदराला पुसला. थांबताच येईना. पोर कशी थरथरत होती, मी मामाच्या जागी मागं उभी राहून तिच्या खांद्यावर हात कसा ठेवला, अक्षता पडल्यावर ती वळून माझ्या गळ्यात कशी पडली, सगळं सांगितलं. माझा आवाज भरून आला. प्राचीला वाटलं मला पश्चात्ताप झाला. तक्रार टळली, पण संग्रहालयातल्या कपड्यांना हात लावायची मला आता कायमची मनाई आहे. ती तुला खात्रीसाठी फोन करणार आहे, म्हणून घाईनं लिहिते. शालूतला फोटो सगळीकडून काढून टाक. आणि लग्नाला कोण कोण होतं असं तिनं विचारलं, तर पहिलं नाव माझं सांग.

तुझीच,
अक्का