तुमच्या कन्येच्या सायकलीतला टक् आवाज

आदरणीय व्याहीबुवांच्या सेवेशी,

सप्रेम नमस्कार. विहीणबाईंनाही माझा नमस्कार सांगावा आणि त्यांचा खांदा आता कसा आहे तेही कळवावं. (त्यांनी एकटीनेच घरचे सगळे पडदे काढून धुतले आणि मग हात वर जाईना, असं ऐकलं. पडदे खाली आलेच आहेत तर राहू द्यावेत, असं माझं मत.) तुमचा रक्तदाब आणि शेजाऱ्याशी कुंपणावरून चाललेला वाद, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा. इकडे सगळे खुशाल. माझा गुडघा सोडून. पण त्याची हकिगत पुढे येते.

पत्रास कारण की, तुम्ही रागावला आहात. आधी तळ्यात पोहायचं, मग ओल्या अंगाने सायकल हाणायची आणि मग ती टाकून धावत सुटायचं, अशा तिहेरी शर्यतीत नाव दिल्याचं तुमच्या कन्येने, म्हणजे आमच्या सूनबाईंनी, तुम्हाला फोनवर सांगितलं, त्यावर "नोकरी-संसार करणाऱ्या बाईने हे उद्योग कशाला?" असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात, आणि तेव्हापासून बापलेकीत अबोला आहे. व्याहीबुवा, मी तुमच्याच पक्षाचा माणूस. धावत्या माणसामागे काहीतरी लागलेलं असावं, एवढीच माझी धावण्याबद्दलची समजूत. म्हणून इथे काय काय घडलं ते हातचं न राखता तुम्हाला कळवणं मी माझं कर्तव्य समजतो.

तर सायकल येणार म्हणून मी दार उघडून उभा राहिलो, आणि आला एक खोका. आमचे चिरंजीव, म्हणजे तुमचे जावई, यांनी त्याचं एक टोक उचललं, "वा, छान आहे" म्हणाले आणि आंघोळीला गेले. त्यांचा सहभाग इथे संपला. खोक्यात सांगाडा एकीकडे, चाकं एकीकडे, गिअरच्या तारा शेवयांसारख्या गुंडाळलेल्या, आणि सगळं शोधून झालं तरी पेडल सापडेनात. ती म्हणे वेगळी घ्यायची असतात! (उद्या जोडे घ्यायला गेलो तर तळवे वेगळे घ्या म्हणतील.) हँडलही आपल्या ओळखीचं नाही. त्यावर कोपरं टेकायची आणि हात पुढे जोडायचे, म्हणजे वारा अंगावरून घसरून जातो. बघणाऱ्याला वाटतं की ही बाई सायकल चालवता चालवता कुणाची तरी माफी मागते आहे.

आता तुम्हाला ठाऊकच आहे, उभी हयात मी लिफ्टच्या दुरुस्तीत घालवली. माझ्या हाताखालून गेलेली लिफ्ट पुन्हा कधी अडकली नाही. (एकदा अडकली, पण आत आमचे साहेब होते, त्यामुळे तिला बिघाड म्हणता येणार नाही.) तेव्हा ज्याने माणसं भरलेली पेटी वरखाली केली त्याला दोन चाकं जोडणं म्हणजे हातचा मळ, असं मी सूनबाईंना सांगितलं. त्या चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे नंबर तपासतात. त्यांनी माझ्याकडेही तसंच पाहिलं, आणि "करू या बाबा, पण दोघांनी मिळून" एवढंच म्हणाल्या.

पहिलं संकट तारांचं. गिअरची तार या सायकलच्या पोटातून न्यावी लागते, एका भोकातून घालायची आणि पार मागच्या भोकातून काढायची, आणि मधे काळोख. सूनबाईंनी युक्ती काढली, की पुढच्या भोकात दोरा सोडायचा, मागच्या भोकाला घर झाडायच्या व्हॅक्यूमची नळी लावायची, दोरा ओढला गेला की त्याला तार बांधून ओढून घ्यायची. युक्ती नामी होती. दोरा आणायचं काम मात्र माझ्याकडे होतं, आणि मी सौभाग्यवतींच्या टोपलीतून लोकरीचं टोक घेतलं. यंत्राने ते असं गिळलं की बस. त्याच लोकरीचं दुसरं टोक एका विणायला घेतलेल्या स्वेटरला आहे, हे अर्धी बाही नाहीशी झाल्यावर ध्यानात आलं. त्या दिवशी सौभाग्यवतींनी जाहीर केलं की या घरात आता एक जरी चाक जास्तीचं आलं तर त्या भावाकडे निघून जातील. चिरंजीवांनी विचारलं, "बॅगेची चाकं धरून?" त्यावर त्यांना जेवायला उशिरा मिळालं.

मग आलं कापाकापीचं काम. पुढच्या चाकाची जी दांडी वर हँडलपर्यंत येते, ती आपल्या मापाने कापावी लागते. जास्त राहिली तर पुन्हा कापता येते. कमी झाली तर सगळंच मुसळ केरात. मी करवत घेऊन तयार. सूनबाईंनी मोजलं, खूण केली, पुसली, पुन्हा मोजलं, मला मोजायला लावलं आणि पुन्हा स्वतः मोजलं. माझा धीर सुटला. म्हटलं, किती मोजाल? तर म्हणाल्या, "आमचे बाबा म्हणतात, मोजायचा कंटाळा केला की कापल्यावर रडायची वेळ येते."

व्याहीबुवा, तुम्ही जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्यात. तुमचं ते वाक्य इथे आमच्या बैठकीच्या खोलीत, जमिनीवर मांडी घालून बसलेली तुमची मुलगी, हातात टेप धरून म्हणत होती. आणि एकदा नव्हे. सीटची उंची ठरवताना "बाबा म्हणतात", हँडलचा कोन बघताना "बाबा म्हणतात". ज्या माणसाशी बोलणं बंद आहे त्याचा उल्लेख एखाद्या घरात इतक्यांदा होत असल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. दांडी कापून झाल्यावर हँडल बसवलं, केसाचाही फरक नाही. मी म्हटलं, कळवा की तुमच्या बाबांना. त्यावर त्या कापलेल्या दांडीचा कीस झाडत बसल्या (लोखंडाचा नव्हे, दांडी कार्बनची आहे, पडते ती काळी पूड) आणि म्हणाल्या, "फोन त्यांनी ठेवला होता, बाबा." कुठे बोलायचं नाही हे मला कळतं, फक्त उशिरा कळतं.

यथावकाश सायकल उभी राहिली आणि सूनबाई तिच्यावर बसून पहिल्या फेरीला निघाल्या. गेल्या तेव्हा एखाद्या घोडेस्वारासारख्या दिसत होत्या. परत आल्या तेव्हा गुडघे हनुवटीला लागत होते. सीट वाटेत गुपचूप खाली खाली जात सांगाड्यात जाऊन बसली होती! घट्ट आवळली तरी पुढल्या फेरीला तीच तऱ्हा. मी उत्पादकाला, हवेला आणि रस्त्याला बोल लावून पाहिला. शेवटी सूनबाईंनी माहितीपत्रक मागितलं. ते मी टेबल डुगडुगू नये म्हणून त्याच्या पायाखाली घातलं होतं. त्यात ठळक छापलं होतं, की सीटच्या दांड्याला ग्रीस लावू नये. मी मात्र भरपूर लावलं होतं, बोटांनी, प्रेमाने. (लिफ्टमध्ये ग्रीस लावून कुणाचं वाईट झालेलं माझ्या माहितीत नाही.) मी ते कबूल केलं तेव्हा सूनबाई पायरीवर बसून इतक्या हसल्या की वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं. मग दांडा पुसून वाळूसारखी खरखरीत पेस्ट लावली, आणि सीट जागची हलायची थांबली.

राहिला तो टक् आवाज. सायकल एका स्टँडवर बसवून घरातल्या घरात चालवता येते. सूनबाई दुकानात गेल्या की मी ती तपासत असे. निव्वळ तपासणी. तर दर फेऱ्याला एक टक्. मी पेडल काढून बसवली, मधला दांडा खोलून पुसला, साखळी धुतली, चाकं काढून पुन्हा बसवली. टक्! सूनबाई संध्याकाळी बसून बघायच्या तर आवाज नाही. मी मनात म्हटलं, पोरीचे डोळे तयार आहेत, कान कच्चे. अखेर मी सगळी सायकल पुन्हा सुटी करायला घेतली तेव्हा सौभाग्यवती भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "अहो, तुम्ही जिना चढता तेव्हाही हाच आवाज येतो. जिनाही खोलणार का?"

डॉक्टरांनी गुडघा हलवून पाहिला, ऐकला, आणि घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. व्यायाम सांगितला. कोणता, ते विचारू नका.

सायकल आता घोड्यासारखी पळते. तुमचा राग बरोबर की चूक, हे सांगायला मी लहान माणूस आहे. मात्र काल सूनबाई कोपऱ्यावरून वळून आल्या तेव्हा मी कुणालातरी सांगायला शेजारी बघितलं आणि शेजारी कुणी नव्हतं.

बाकी सर्व क्षेम. विहीणबाईंनी पडद्यांपासून आणि तुम्ही कुंपणापासून जपून असावं, ही विनंती.

तुमचाच,
मुलीकडून "बाबा" म्हणवून घेण्यात तुमचा भागीदार

ता. क. शर्यत येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, आमच्या गावाबाहेरच्या तळ्यावर. मी कळवल्याचं सूनबाईंना ठाऊक नाही.

ता. क. दुसरं : चार-सहा दिवसांत तुमच्या पत्त्यावर, तुमच्याच नावाने, एक मोठा खोका येईल. गोंधळू नका. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम त्यात आहे, सुटा. आमच्या घरी तो कसा मागवणार? सौभाग्यवतींचा भाऊ फार लांब राहतो.

ता. क. तिसरं : खोका पार्सलने पाठवू नका, आतला माल नाजूक आहे. स्वतः घेऊन या, त्याच रविवारी. तुम्ही शर्यत बघायला आलात असं सूनबाईंना वाटू द्या. खोका तुमची भेट आहे असं सौभाग्यवतींना वाटू द्या. व्याह्यांची भेट परत करायची त्यांची छाती नाही. आणि आपण खरोखर कशासाठी आलो, ते तुम्ही तळ्याच्या काठावर माझ्या शेजारी उभे राहून सावकाश ठरवा.