एकोणतीस इंचांचा ओटा

महाड
मंगळवार, २० जानेवारी २०२६

प्रिय इरू,

ताईचा आशीर्वाद आणि सोबत डब्यात तिळगूळ. यंदा साधा गूळ मिळाला नाही, चिक्कीचा घातला, वड्या दगड झाल्यात. दात सांभाळून खा.

फोन असताना ही बाई कागद का काळे करतेय, असं म्हणशील. अगं, फोनवर तू "बरी आहे, तू कशी?" विचारतेस, मी "बरी आहे" म्हणते, की झालं. दोघी बऱ्या बायका फोन ठेवून देतात. वास्तुशांत झाल्यापासून, म्हणजे अडीच-तीन वर्षं, हेच चाललंय.

इकडचं म्हणशील तर ह्यांचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय. सकाळी ऐटीत चवदार तळ्यापर्यंत चालत जातात आणि येताना रिक्षा करतात. वैदेहीला पुण्यात नवी नोकरी लागली, आता तर आईला फोन करायला अजिबातच वेळ नाही. माझी पाठ आहे तशीच. डॉक्टर म्हणतात वय झालं, मीही सगळ्यांना तेच सांगते.

रविवारी हळदीकुंकू झालं. चाळीसेक बायका आल्या आणि वाण राहिलं बाजूला, सगळ्या घरच बघत बसल्या. खिडकीखालचा कट्टा, लाल कोबा, दारामागे ओल्या छत्र्यांच्या खुंट्या आणि खाली पाणी जायला पन्हळ. समोरची सेजल घरांचे व्हिडिओ करून टाकते. तिने फोन माझ्या नाकाशी धरला आणि म्हणाली, "काकू, घर सजवायची प्रेरणा तुम्हाला कुठून मिळाली?" प्रेरणा म्हणे! मी काय बोलले ते तू ऐकलंच आहेस, वैदेहीने घरच्या ग्रुपवर टाकलं ना. "असंच गं, डोक्यात येत गेलं." आणि वर लाजून पदर सावरला, पंचावन्नाव्या वर्षी!

त्याच्याखाली तू अंगठा टाकलास. इरू, तू चार शिव्या लिहिल्या असत्यास तर मी जेवले तरी असते.

काल सयाजी मिस्त्री गच्चीची गळती बघायला आला होता. चहा पिता पिता सहज म्हणाला की पोलादपूरला तुझं घर बांधतोय, स्लॅब टाकून महिना झाला. सख्ख्या बहिणीच्या घराचा स्लॅब पडतो आणि मला गवंड्याकडून कळतं! रागच आला मला, खोटं कशाला बोलू. तोंडात आलंच होतं काहीतरी, तेवढ्यात तो म्हणाला, "पन बाई काय सांगतच नायत वो वहिनी. खिडकी कुठं, फडताळ कुठं, काय बी इचारा, म्हनतात तुमच्या मनाला येल तसा करा. शुक्रवारी ओट्याचा कडप्पा बसवायचा हाय, त्याची उंची पन सांगत नायत. असा मानूस मी नाय बघितला."

माझा राग तिथंच गिळला गेला.

तुझ्या मनाला काही येत नाही? तुझ्या? मला सांगते! शाळेच्या जुन्या हजेरीपत्रकाच्या पाठकोऱ्या पानांवर भाताच्या खळीने चित्रं कोण चिकटवायचं? दिवाळी अंकातली घरं, रंगाच्या दुकानातल्या पट्ट्या, आईच्या फाटलेल्या इरकलीचा काठ, 'पडद्यांना असा' म्हणून. देवघर टीव्हीच्या भिंतीला नको, देवांना आवाज होतो. कट्टा इतका रुंद हवा की पाय वर घेऊन शेंगा सोलता येतील. वीस वर्षं तू ती वही भरत होतीस आणि आम्ही तुला हसायचो, घर नाही नि दार नाही, पडदे आधी!

आता पुढचं लिहिते. सकाळपासून तीनदा उठून चहा केला, म्हणजे मला ते लिहायचं नाहीये. पण लिहिते.

वही पुरात गेली नव्हती.

एकवीसच्या जुलैत आमच्या जुन्या घरात, तुझ्या त्या खालच्या खोलीत, छातीभर पाणी होतं. चार दिवसांनी तुझी ट्रंक चिखलातून मीच काढली. वही मीच धुतली. माडीवर दोरी बांधून पान न् पान सुकवलं, आणि तेव्हा, देवाशपथ, तुलाच द्यायची म्हणून सुकवलं. पण सुकवता सुकवता वाचत गेले. आपलं घर तर राहण्यासारखं उरलं नव्हतं, वर उंचावर नवीन बांधायचं ठरत होतं. मी ह्यांना हाक मारून वही दाखवली, म्हटलं, आपण अस्संच बांधू. हे म्हणाले, "इरावतीला विचार." त्यावर मी काय म्हणाले, ते आजवर कुणाला सांगितलं नाही.

मी म्हणाले, "तिला कुठं घर व्हायचंय. एकट्या बाईला खोली पुरते."

आणि पाचच मिनिटांत तू जिन्यावरून विचारलंस, "ताई, माझी वही दिसली का गं?" मी म्हटलं, "गेली गं बाई, सगळंच गेलं." पुरावर ढकललं. त्या वर्षी महाडात कुणी कुणाला परत विचारत नव्हतं, काय गेलं नि काय राहिलं. तूही विचारलं नाहीस. पुढच्याच महिन्यात पोलादपूरच्या शाळेवर बदली मागून घेतलीस.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी. वहीत होतं तसं सगळं उचललं, आणि अक्कल बघ माझी, ओट्याची उंचीसुद्धा! 'ओटा एकोणतीस इंच. कमरेला लावून पाहिला.' अगं, तुझ्या कमरेला! सयाजी तेव्हा कानीकपाळी ओरडला, "वहिनी, तुमी उंच, लय खाली व्हील." पण मला त्या वहीतलं काही बदलायची भीतीच बसली होती. म्हटलं, एवढंच घाल.

वास्तुशांतीला तू स्वयंपाकघरात आलीस. दिव्याचं बटण न शोधता लावलंस. ओट्यावर दोन्ही तळवे टेकून क्षणभर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "ताई, तुला वाकावं लागत असेल ना?" मी म्हटलं, "छे गं, मस्त आहे." तू पुऱ्या लाटायला घेतल्यास. शंभर पुऱ्या लाटल्यास, एकदाही पाठ न वाकवता, जेवलीस आणि शेवटची गाडी पकडून गेलीस. तुला सगळं कळलं होतं. मलाही कळलं होतं की तुला कळलंय. तरी मी डब्यात पुरणपोळ्या भरून दिल्या आणि हात हलवला.

पाठीचं खरं कारण हे, वय नव्हे.

काल सयाजी गेल्यावर वही कपाटातून काढली, आज पोलादपूरला जाताना तो इथूनच जाणार आहे, त्याच्याच हाती पाठवावी म्हणून. शेवटाकडची दोन पानं पुरापासून चिकटलेली होती. मी कधी सोडवायच्या फंदात पडले नव्हते. काल भाताच्या वाफेवर धरून सोडवली. वर 'वैदेहीला अभ्यासाचा कोपरा' आणि त्याच्याखाली तुझ्या त्या बारक्या अक्षरात: 'ओट्याचा खिडकीकडचा दोन फूट तुकडा चौतीस इंच घ्यायचा. ताई आली की कामाला लागणारच, गप्प बसणार नाही. तिची पाठ धरेल.'

इरू, मी तुझं घर तुझ्या हातून काढून घेतलं आणि त्या घरात तू माझी पाठ जपून ठेवली होतीस. काल मी त्या ओट्याशी उभी राहून ढसाढसा रडले. हे विचारायला आले तर त्यांनाही सगळं सांगितलं. ते बाहेर जाऊन बसले. सेजलला आज फोन करून म्हटलं, तो व्हिडिओ काढून टाक आणि नवा घे, या घरातलं सगळं माझ्या बहिणीला सुचलेलं आहे. ती म्हणाली, बरं काकू. चार बायका आता काय बोलायचं ते बोलतील, बोलू देत.

माफी मागत नाही. मागितली तर तू "जाऊ दे गं ताई" म्हणशील, लहानपणापासून तेच म्हणत आलीस. या वेळी जाऊ देऊ नकोस.

वही सयाजीला द्यायच्या पिशवीत घातली आहे, फडक्यात गुंडाळून. उंची त्याला मी सांगितलेली नाही, काल जिभेवर आली होती तरी. तुझ्या घरातलं तुझ्याच तोंडून जाऊ दे. मुख्य ओटा एकोणतीसच घे, कुणी काहीही म्हणो, मी शंभर पुऱ्या बघितल्यात. खिडकीकडच्या त्या दोन फुटांचं मात्र मी काही म्हणणार नाही. ते तू शुक्रवारपर्यंत ठरव. सयाजी पुढच्या आठवड्यात गळतीच्या कामाला इकडे येईल, पण मी त्याला विचारणार नाही.

विचारणार नाही म्हणते खरी.

तुझी वही सुकवलेली आणि मग ठेवून घेतलेली,
विनोदिनी

(सहीला 'ताई' लिहायला हात धजला नाही.)