वाराचा रंग आणि भिशीच्या चिठ्ठ्या

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११
नवी वही. ठेवण्याची जागा पंचांगाची पिशवी. तिला घरात माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. शिरड शहापुरात पंचांग फक्त मीच उघडतो.
मोबाईलवर रंगांचा एक गेम सापडला आहे. तीन मिनिटांचा डाव. लाल, हिरवा की जांभळा, तेवढं सांगायचं. लोक अंदाजपंचे सांगतात आणि बुडतात. मी अंदाज करत नाही. आज मंगळवार, मंगळाचा रंग लाल. दोनशे लावले, चारशे आले.
हा जुगार नव्हे. हे ग्रहगणित आहे.

तरीही सुरक्षितता हवी, म्हणून नियम:
१. फक्त स्वतःच्या दक्षिणेचे पैसे.
२. दिवसाला पाचशेच्या वर नाही.
३. सलग दोनदा हरलो की फोन बंद.
४. राहुकाळात खेळायचं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार
बुध. हिरवा. नऊशे जिंकले. तीनशे खात्यात काढून पाहिले, लगेच आले. पैसे निघतात, म्हणजे कंपनी प्रामाणिक आहे.
भिशीचे हप्तेही यायला लागले. माझ्या बायकोची, रेवतीची भिशी, चौदा जणी, तीन-तीन हजार. दारावरचा स्कॅनर माझ्या नावचा असल्यामुळे सगळं माझ्याच खात्यात जमा होतं. बायकांचं म्हणणं, गुरुजींकडे पैसे म्हणजे देवाकडे.
रविवारी चिठ्ठी निघणार. चौघींचे नंबर लागून गेले, दहा जणी बाकी. त्यात रेवतीही आहे. तिला शेवयांचं मशीन घ्यायचं आहे. नंबर लागायचा पत्ता नाही आणि हिने ओसरीचा कोपरा रिकामा करून प्लगसुद्धा बसवून घेतला. बायकांना धीर नसतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार
गुरूचा रंग पिवळा. गेममध्ये पिवळा नाही! असला अशास्त्रीय गेम कोण बनवतं?
पिवळ्याला जवळचा म्हणून लाल धरला. चौदाशे गेले. माझं गणित बरोबर होतं, रंगच उपलब्ध नव्हता.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
शुक्र पांढरा. पांढराही नाही. म्हणून आज खेळायचं नाही. ठाम.

दुपारी ३
पांढऱ्यात सगळे रंग असतात, हे शाळेत शिकवलं होतं. म्हणजे आज कोणताही रंग चालतो. दक्षिणेचे पैसे संपल्यामुळे भिशीतले नऊ हजार उसने घेतले. रविवारच्या आत जागच्या जागी ठेवायचे आहेत. नियम एकमध्ये किंचित दुरुस्ती.

सायंकाळी ५
नऊ हजार गेले.

७ फेब्रुवारी, शनिवार
शनी. जांभळा. जांभळा आला तर साडेचार पट मिळतात. मग इतके दिवस लाल-हिरव्याच्या मागे मी काय करत होतो? हरलो की पुढच्या डावाला दुप्पट लावायचे, म्हणजे एकदा आला की सगळं भरून निघतं.
तो आलाच नाही. आणखी चौदा हजार. नंतर घड्याळ पाहिलं, सगळे डाव राहुकाळात पडले होते. तरीच!

८ फेब्रुवारी, रविवार
चौदा जणी ओसरीत. मधोमध चिठ्ठ्यांची वाटी. खात्यात बेचाळीसऐवजी एकोणीस हजार.
पंचांग उघडलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि सांगितलं, आज दिवसभर भद्रा आहे, चिठ्ठी काढणं बरं नाही, बुधवारी अठराला काढू. भद्रा नव्हती. शीतल कुरकुरली, तर पार्वतीबाईंनी तिलाच दटावलं. म्हणाल्या, गुरुजी म्हणून राहिले तर बराबरच असंल, त्यायला काय पडलंय खोटं बोलायची?
पार्वतीबाई सगळ्यांत थोरल्या. दर महिन्याला चिठ्ठी त्यांच्याच हातून निघते. त्यांच्याकडे बघवेना. चहा घेऊन सगळ्या गेल्या.
यापुढे पंचांगावर हात ठेवून खोटं बोलायचं नाही. नियम ५.

१० फेब्रुवारी, मंगळवार
माझा वार, माझा रंग. लाल लावला, लागोपाठ हिरवा आला. अकरा हजार गेले. उरले आठ.
रेवतीने विचारलं, जेवण काहून जात नाही. म्हटलं, शिवरात्रीचा उपवास आत्तापासून धरलाय. तिने पानातली पोळी उचलून ठेवली.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र
पहाटेपासून औंढ्यात अभिषेक सांगितले. घसा बसला. दक्षिणा सहा हजार शंभर. ही स्वतःची कमाई, म्हणजे नियम एक पाळला. रविवार, सूर्य, लाल. सगळे लावले.
आले! पुन्हा लावले. आले! तिसऱ्यांदाही आले! कमिशन कापून स्क्रीनवर ४७,३०० दिसतात! भिशी पुरी भरून वर पाच हजार!
नागनाथाला नमस्कार केला. सुटलो. आता पैसे काढायचे आणि गेम कायमचा बंद. शपथ.

१६ फेब्रुवारी, सोमवार
पैसे निघत नाहीत. मदतीला एक मॅडम आहेत, फक्त मेसेजवर बोलतात, फार अदबीने. आधी टॅक्स भरावा लागतो म्हणे, आठ हजार. टॅक्स मागतात म्हणजे कायदेशीरच असणार. भरला. भिशीचे शेवटचे होते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. अमावास्या
आता खातं माझंच आहे याची खात्री पटवण्यासाठी बारा हजार हवेत. मॅडमना कळवलं, माझ्याच सत्तेचाळीसमधून कापून घ्या. तसं करता येत नाही म्हणे.

१८ फेब्रुवारी, बुधवार
भिशीला पंचक सांगितलं. पंचक खरंच आहे. पंचकात चिठ्ठी काढू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण लिहिलेलं नाही हेही कुणाला माहीत नाही. आता बावीसला काढायची. या वेळी पार्वतीबाई चहा न घेताच उठल्या. रेवतीने वाटी उचलून ठेवली.
दुपारी वारंगा फाट्याला धर्मसिंगच्या मोबाईल दुकानात गेलो. एका यजमानाचं झालंय असं सांगून दाखवलं. तो म्हणाला, महाराज, कोणता रंग काढायचा ते कंपनीच ठरवून राहिली. आधी थोडे देतेत, मग समदे घेतेत. त्या यजमानाला म्हणा, आणखी एक रुपया टाकू नका, सायबर पोलिसाच्या १९३० ला फोन लावा, जितक्या लवकर लावसान तितकं बरं.
मग माझ्या तोंडाकडे बघत त्याने फुकट चहा पाजला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
१९३० लावला. नाव विचारलं. ठेवून दिला. जिल्ह्यात निम्म्या घरांच्या वास्तुशांती मी केल्यात.
पंचांगाच्या पिशवीची गाठ आज उलटी बसलेली दिसली. घाईत मीच बांधली असणार.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
गेम उघडतच नाही. मॅडमही नाहीत. रडू आलं. रेवती दळण घेऊन आली तेव्हा डोळ्यांत धूर गेला म्हणालो. घरात गॅस आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार
ठरलं. उद्या सगळ्यांसमोर खरं सांगायचं. दोन मिनिटांचं निवेदन तयार केलं, चारदा म्हणून पाहिलं. छान झालंय.

२२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४
निवेदनाची गरजच पडली नाही!
मी घसा साफ करत होतो, तेवढ्यात रेवतीने वाटी पुढे ठेवली. एरवी चिठ्ठ्या शीतल लिहिते, आज हिनेच आधी लिहून ठेवल्या होत्या. पार्वतीबाईंनी एक उचलली, शीतलने वाचली. रेवती!
दहातून एक, आणि ते माझ्याच घरचं नाव! म्हणजे आज कुणाला एक रुपया द्यायचा नाही. बायकांनी रेवतीला कुंकू लावलं, मशीन कधी आणतेस म्हणून विचारलं. आणते की, म्हणाली. पार्वतीबाईंचा चेहरा जरा उतरला होता, पण त्यांचाही नंबर लागेल.
माझे ग्रह पालटले. धर्मसिंगला ग्रहांतलं काय कळतं? दुसरा एक गेम आहे म्हणे, त्यात पिवळासुद्धा असतो. पाचशेच लावायचे.

सायंकाळी ६
पाचशे कुठे सापडतात का म्हणून फडताळ बघत होतो. तिथे वाटी होती. उरलेल्या नऊ चिठ्ठ्या तशाच. सहज एक उघडली. रेवती. दुसरी उघडली. रेवती. नऊच्या नऊ उघडल्या. सगळीकडे तिचंच अक्षर, तिचंच नाव.
म्हणजे तिने पंचांगात भद्रा शोधली होती. आणि ही वही वाचली होती.
मी वाटी हातात घेऊन उभा होतो. ती आत आली, वाटी माझ्या हातातून घेतली, चिठ्ठ्या परसातल्या चुलाण्यात टाकायला निघाली. मला लाज वाटत होती, इतकी की निवेदनातला एक शब्द आठवेना. दारात थांबून तिने विचारलं, ओसरीचा तो कोपरा आता रिकामाच आहे, तिथे पिठाचा डबा ठेवू का.
बरं, म्हणालो.